पाषाणावरील हिमलेख

वैशाखात अभनपूरचा माळ तापू लागला, की या प्रदेशात कधी काळी बर्फ होते, ही कल्पनाही हास्यास्पद वाटते. तथापि तेथून नैऋत्येस, चंद्रपूरजवळ इरई येथे, पैनगंगेकाठच्या चुनखडकावर समांतर ओरखडे आहेत. भूवैज्ञानिक फेडन यांनी १८७५ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी, दक्षिणेकडील खंड एकाच भूखंडात जोडलेले असताना, सरकत्या हिमातील दगडांनी ते कोरले. त्या भूखंडास नावही याच गोंडवनावरून मिळाले.

कॅनडात शेवटच्या हिमयुगाने घडविलेले मैलोगणती लांबीचे वरंबे उपग्रहचित्रांत स्पष्ट दिसतात, आणि त्यांवरून प्राचीन हिमप्रवाहांचे नकाशे रेखाटता येतात. इरईचा पुरावा मात्र आकाशातून दिसत नाही. आजच्या लँडसॅटच्या चित्रातील एक ठिपका सामान्यतः ३० मीटरांचा असतो. तो चुनखडकाचा पट्टा दाखवील, त्यावरील रेषा नव्हे. त्या गुडघे टेकूनच वाचाव्या लागतात.

चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटसाठी चुनखडक फोडला जातो. उपग्रहास न दिसणारी शिळा फुटली, तर तिचा लेख कोणत्याही चित्रातून परत मिळणार नाही. म्हणून नकाशाइतकीच त्या शिळेची राखण महत्त्वाची आहे.