फेरतपासणीपर्यंतचे सहा महिने



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी व्याख्यानासाठी आजाराचा विषय घ्यावा, आणि तोही ज्याचे नाव घरात चारचौघांत उच्चारले जात नाही असा, याचे काहींना नवल वाटेल. परंतु येथे आजाराचा विचार करावयाचा नाही. विचार करावयाचा आहे तो आजार आहे की नाही हेच ठाऊक नसलेल्या काळाचा. स्तनांची तपासणी झाली, छायाचित्रात काहीतरी वेगळे दिसले आणि डॉक्टरांनी पुन्हा बोलावले, तर ती पुढची तारीख येईपर्यंतचे दिवस स्त्रीने कसे काढावेत, एवढाच हा विषय आहे.

लोणखेड्यातील एखादी गृहिणी नंदुरबारला, धुळ्याला अथवा ताप्ती मार्गावरील गाडीने सुरतेस जाऊन मॅमोग्राफी करवून घेते. अहवालाचे पाकीट हाती येते. ‘काळजीचे कारण दिसत नाही, सहा महिन्यांनी पुन्हा या,’ एवढेच तिला सांगण्यात येते. घरी परतल्यावर ते पाकीट कपाटात साड्यांच्या घडीखाली जाते. सासूबाईंना सांगितले तर त्या घाबरतील, जाऊबाईंना सांगितले तर गावभर होईल, मुलीची सोयरीक जुळावयाची आहे, तिच्या आड येईल; असा विचार करून ती गप्प राहते. दिवसा स्वयंपाकपाणी, पैपाहुणा, देवदर्शन सर्व यथासांग चालते. रात्री मात्र हात पुनःपुन्हा त्याच जागी जातो. ‘काळजी नाही, तर मग पुन्हा कशाला बोलावले?’ हा प्रश्न ती कोणालाही विचारू शकत नाही.

या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते बहुधा त्या पाकिटातच असते. मॅमोग्राफीचा निष्कर्ष सर्व डॉक्टरांनी एकाच भाषेत लिहावा म्हणून अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजी या संस्थेने ‘बायरॅड्स’ नावाची क्रमवारी घालून दिली आहे. शून्यापासून सहापर्यंत तिचे अंक आहेत. शून्य म्हणजे तपासणी अपुरी आहे, आणखी छायाचित्रे अथवा सोनोग्राफी हवी. येथे सहा महिने थांबावयाचे नसते, थोड्याच दिवसांत जावयाचे असते. चार व पाच म्हणजे सुईने तुकडा काढून तपासणे, अर्थात बायोप्सी, आवश्यक आहे. सुई लावली की रोग पसरतो ही समजूत निराधार असून तिने फार नुकसान केले आहे. ‘सहा महिन्यांनी या’ असे सांगितले जाते ते प्रामुख्याने तीन या अंकाला. तीनचा अर्थ ‘बहुतांशी निरुपद्रवी’. त्यात कर्करोग निघण्याची शक्यता शंभरात दोनपेक्षा अधिक धरलेली नाही. तेव्हा अहवाल हाती पडताच प्रथम हा अंक पाहावा, नसल्यास डॉक्टरांना विचारून लिहून घ्यावा. पुष्कळशी भीती अंक न पाहिल्यामुळे असते.

मग सहा महिनेच का? व्यापारी समाजाला हे समजावून सांगणे अवघड नाही. एका वर्षाच्या ताळेबंदावरून पेढीची दिशा कळत नाही; मागील वर्षाचे आकडे शेजारच्या रकान्यात असावे लागतात. निरुपद्रवी गाठ महिनोन्महिने होती तशीच राहते, आणि बदल झालाच तर तो दोन छायाचित्रे शेजारी ठेवल्यावर दिसतो. याकरिता सहा, बारा व चोवीस महिन्यांनी तुलना करतात आणि दोन-तीन वर्षे फरक न पडल्यास ती निरुपद्रवी ठरवितात. ठाण उलगडून उजेडाकडे धरले असता दिसणारी प्रत्येक रेघ काही फाट नसते, पुष्कळ रेघा विणीतल्याच असतात.

एवढा काळ थांबण्यात धोका नाही काय, ही शंका रास्त आहे. कॅलिफोर्नियातील डॉ. एडवर्ड सिकल्स यांनी १९९१ साली अशा ३,१८४ प्रकरणांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. त्यांतील १७ ठिकाणी पुढे कर्करोग निघाला. सतरापैकी पंधरा गाठी हाताला लागण्यापूर्वीच छायाचित्रांतील फरकावरून पकडल्या गेल्या, आणि सर्व सतरा प्रारंभीच्या टप्प्यातच होत्या. म्हणजे हे थांबणे दुर्लक्ष नव्हे, तो तपासणीचाच एक भाग आहे. मात्र या मुदतीत नवी गाठ हाताला लागली, त्वचा आत ओढली गेली वा बोंडातून रक्तमिश्रित स्राव आला, तर तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे.

आकडे समजले म्हणून भीती जाते असे मात्र नाही, आणि जी स्त्री घाबरते तिला अडाणी म्हणणे हा अन्याय आहे. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१३ साली असे दाखवून दिले की, संशयामुळे बोलावल्या गेलेल्या परंतु शेवटी निरोगी ठरलेल्या स्त्रियांच्या मनावरील परिणाम तीन वर्षांनंतरही पूर्णपणे पुसला गेला नव्हता. तो सुशिक्षित, संपन्न देश. तेथे हे, तर सहा महिने एकटीने गप्प राहणाऱ्या आपल्या गृहिणीचे काय होत असेल?

खरा धोका पुढेच आहे. भीती माणसाला नेहमी डॉक्टरांकडे नेतेच असे नाही, ती त्याला दूरही नेते. अमेरिकेत दहा लाखांहून अधिक स्त्रियांच्या नोंदींचा अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. ज्यांची तपासणी प्रथमच निर्दोष निघाली त्यांपैकी ७७ टक्के स्त्रिया पुढील नियमित तपासणीस परत आल्या. ज्यांना मध्यंतरी फेरतपासणीस बोलावून अखेर निर्दोष ठरविले, त्यांपैकी मात्र ६१ टक्केच आल्या. एकदा सुटले, आता पुन्हा ते नको, असे मन म्हणते.

न येण्याची किंमत काय असते हे जाणण्यास परदेशात जावयास नको. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. त्याच वर्षी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने तेथील गरीब वस्त्यांतील ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांची पाहणी सुरू केली. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी करीत. वीस वर्षांचा हिशेब २०२१ साली प्रसिद्ध झाला. तपासणी होत असलेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडलेल्या रोग्यांचे प्रमाण ३७ टक्के, तर दुसऱ्या गटात ४७ टक्के होते. पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. त्याहून लहान वयात मात्र तसा लाभ दिसला नाही. ना यंत्र, ना मोठा खर्च. पण संशय आलेली स्त्री पुढील तपासणीस आली तरच या सर्वाचा उपयोग. देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांत स्तनतपासणी झालेल्यांचे प्रमाण अवघे ०.९ टक्के आहे. त्या शंभरात एकही न भरणाऱ्यांपैकी एक आपल्या घरात असेल, तर तिने धैर्याचे काम आधीच केलेले आहे.

आता सहा महिने काढावयाचे कसे? पुढील तारीख त्याच दिवशी ठरवून घ्यावी आणि घरातील दिनदर्शिकेवर उघड लिहावी. लग्नसराई, पर्युषण, दिवाळीचा हंगाम पाहून ती पुढे ढकलू नये. घरातील एका, केवळ एका विश्वासू व्यक्तीस सर्व सांगावे. मनात येणारे प्रश्न वहीत उतरवून डॉक्टरांसमोर ती वही ठेवावी. चाचपणे महिन्यातून एकदा पुरे, रोज चाचपल्याने नेहमीची जाडीही गाठच भासू लागते. मानसशास्त्रात १९८३ पासून एक साधा उपाय सांगितला जातो, तो असा की चिंतेसाठी दिवसातील अर्धा तास राखून ठेवावा आणि इतर वेळी आलेली चिंता त्या वेळेवर टाकावी. ज्या श्राविका नित्य अठ्ठेचाळीस मिनिटांचे सामायिक करतात, त्यांना वेळेची मर्यादा पाळणे नवे नाही. अर्थात सामायिकाने चित्त स्थिरावेल, गाठीचे स्वरूप कळणार नाही. भीतीपोटी उपवास वाढवीत जाणे हे तर तप की अन्य काही, याचा विचार ज्याने त्याने करावा. झोप व भूक दोन आठवडे हरपली असेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. ‘टेलिमानस’ ही शासनाची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.

पुरुषांविषयी थोडे बोलणे प्राप्त आहे. दुकानातील प्रत्येक पावती जपणाऱ्या गृहस्थास पत्नीच्या अहवालावरील अंक ठाऊक नसतो. ‘तुला काही होत नाही’ हे वाक्य प्रेमाने म्हटले जाते, पण ऐकणारीला त्याचा अर्थ ‘हा विषय पुन्हा काढू नकोस’ असा लागतो. त्यापेक्षा त्या दिवशी दुकान बंद ठेवून सोबत जावे. आणि सोयरिकीच्या बैठकीत मुलीच्या आईच्या तपासण्यांची कुजबुज करणाऱ्यांस तेथेच थांबविण्याचा अधिकार समाजातील ज्येष्ठांना आहे, तो त्यांनी वापरावा.

तपासणीस जाताना पहिली छायाचित्रे व अहवाल अवश्य सोबत न्यावेत, विशेषतः ठिकाण बदलले असेल तर; ती नसल्यास तुलनाच होत नाही. छातीस व काखेत पावडर लावू नये, तिचे कण छायाचित्रात कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे उमटू शकतात. मासिक पाळी चालू असल्यास ती संपल्यानंतरच्या आठवड्यात तपासणी कमी दुखते. उपाशीपोटी जाण्याची गरज नाही. घरून नाश्ता करून निघावे.