डिझेलचा धूर : गाळणी आणि ज्वलक



गावच्या थांब्यावर शाळेची मुले उभी असतात. एखादी जुनी डिझेल गाडी काळ्या धुराचा लोट सोडून निघून जाते. आपण क्षणभर नाकाला रुमाल लावतो आणि विसरतो. परंतु हा धूर विसरण्यासारखा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर हा माणसाला कर्करोग होण्यास कारणीभूत ठरतो, असा निर्वाळा दिला. त्यातील काजळीचे कण इतके सूक्ष्म असतात की ते थेट फुप्फुसात खोलवर जाऊन बसतात.

ही काजळी निर्माण का होते? इंजिनातील तप्त, दाबलेल्या हवेत डिझेलचा फवारा उडतो. जेथे इंधनाला पुरेशी हवा मिळत नाही, तेथे ते अर्धवट जळते आणि कार्बनचे कण उरतात. ते अडविण्यासाठी सायलेन्सरच्या मार्गात चिनी मातीसारख्या पदार्थाची, मधाच्या पोळ्याप्रमाणे असंख्य नळ्यांची गाळणी बसवितात. नळ्यांची तोंडे आळीपाळीने बंद केलेली असल्याने वायूला सच्छिद्र भिंतीतूनच जावे लागते. वायू पुढे जातो. काजळी मागे राहते. नव्वद टक्क्यांहून अधिक कण येथे अडतात.

भारतात १ एप्रिल २०२० पासून 'भारत स्टेज सहा' मानके लागू झाली. डिझेल मोटारींना दर किलोमीटरला २५ मिलिग्रॅम सूक्ष्मकणांची मुभा होती, ती साडेचार मिलिग्रॅमवर आली. त्यामुळे नव्या डिझेल वाहनांत अशी गाळणी अपरिहार्य ठरली.

पण खरा प्रश्न पुढेच आहे. अडविलेल्या काजळीचे करायचे काय? ती साचली की वायूची वाट अडते, इंजिनाची शक्ती घटते, डिझेल जास्त लागते. काजळी जाळून टाकण्यास सुमारे ६०० अंश सेल्सिअस उष्णता हवी. महामार्गावर भरधाव जाणाऱ्या मालमोटारीचा वायू बराच तापतो. परंतु थांबत थांबत जाणारी शहर बस, कचरागाडी किंवा शाळेची बस यांच्या वायूचे तापमान बहुधा २००-३०० अंशांच्या आसपासच रेंगाळते. म्हणजे जी वाहने लोकवस्तीत सर्वांत जास्त फिरतात, त्यांचीच गाळणी लवकर तुंबते!

यावर एक उपाय म्हणजे इंधन-ज्वलक. घरातील स्टोव्ह आठवा. बर्नर थंड असला की धूर होतो. तापला की निळी ज्योत येते. येथेही तत्त्व तेच आहे. गाळणीच्या अलीकडे एक छोटा ज्वलक असतो. त्यात थोडे डिझेल फवारले जाते, हवा मिळते आणि विजेच्या ठिणगीने ज्योत पेटते. गाळणीच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरकावरून काजळी किती साचली, हे नियंत्रकाला कळते. वेळ येताच ज्योत पेटते, वायू तापतो आणि काजळी जळून जाते. इंजिन थंड असले तरी हे काम अडत नाही, हा या पद्धतीचा मोठा गुण. उशीर मात्र होता कामा नये. फार साचलेली काजळी एकदम पेटली, तर गाळणीच तडकते.

ज्वलक म्हणजे जादू नव्हे. तो स्वतः डिझेल खातो. नीट न जळल्यास स्वतःच धूर करतो. नायट्रोजनची ऑक्साइडे त्याने नाहीशी होत नाहीत. वंगणतेलातून आलेली राख जळत नाही. ती कार्यशाळेत साफच करावी लागते.

म्हणून यंत्राइतकेच महत्त्व माणसाला आहे. गाळणीचा इशारा देणारा दिवा लागला, तर चालकाने तो दुर्लक्षू नये. सफाई चालू असताना सायलेन्सर अतिशय तापतो. तेव्हा गाडी वाळल्या गवतावर उभी करू नये. भेसळीचे डिझेल वापरू नये. आणि कटकट नको म्हणून गाळणी काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच मानू नये. कार्यालयाची, शाळेची वा पंचायतीची गाडी ज्यांच्या देखरेखीखाली आहे, त्यांनी एवढे पाहिले, तरी थांब्यावरच्या त्या मुलांना रुमाल काढावा लागणार नाही.