नत्र आणायचं कुठून?



युरिया बंद केला त्या वर्षी आमची रब्बीची ज्वारी पिवळी पडली. घरचे म्हणाले, "झाली का हौस?" शेणखत तर घातलं होतं. मग चुकलं कुठं?

हिशेब करून बघा. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत जवळपास २१ किलो नत्र असतं. एक टन शेणखतात साधारण ५ किलो. म्हणजे एका गोणीच्या बरोबरीला ४ टन शेणखत हवं, आणि तेही सावकाश लागू पडतं. दोन जनावरांवर कसं भागायचं?

म्हणून आधी आहे ते जपा. उकिरड्याचा नाकाला झोंबणारा वास आला की समजा, नत्र उडून चाललंय. खत सावलीत, खड्ड्यात, मातीनं झाकून ठेवा. गोठ्यात पालापाचोळा अंथरा, म्हणजे मूत्र त्यात मुरेल. शेणापेक्षा मूत्रात नत्र जास्त असतं.

बाकीचं रानातच पिकवायचं. पहिल्या पावसावर ताग पेरा आणि फुलावर येताच, दीड महिन्यानं, गाडून टाका. बांधावर गिरिपुष्प लावा, त्याचा पाला छाटून रानात घाला. मूग, चवळीच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात. एखादी गाठ नखानं फोडून बघा. आतून गुलाबी असली तर तिचं काम चालू आहे.

सगळं रान एकदम बदलू नका. आम्ही दुसऱ्या वर्षी अर्ध्या एकरातच ताग गाडला. तिथली ज्वारी हिरवी राहिली, मग घरच्यांनीच पुढच्या तागाचं बी आणलं. तुमच्या गटातही पावसाआधी बियाची सोय करा.