सरासरी मागून चालते



शेअरच्या आलेखावर भावासोबत एक संथ रेघ दिसते.
ती चल सरासरी, म्हणजेच मूव्हिंग ॲव्हरेज.

समजा, एका शेअरचा भाव पाच दिवस 100 रुपये होता.
सहाव्या दिवशी तो 110 झाला.
आता सर्वांत जुना दिवस गळतो, नवा दिवस येतो.
पाच दिवसांची सरासरी होते 102.
भाव दहा रुपयांनी उडाला, सरासरी दोनच रुपयांनी हलली.

म्हणजेच, सरासरी मागून चालते.

बरेच जण दोन रेघा पाहतात: 50 दिवसांची आणि 200 दिवसांची.
छोटी रेघ मोठीच्या वर गेली, की खरेदी.
खाली आली, की विक्री.

आता मार्च 2020 आठवा.
करोनाच्या धास्तीने निफ्टी 23 तारखेला तळाला गेला, आणि मग सावरू लागला.
पण 50 दिवसांची रेघ 200च्या वर जायला पुढे काही महिने लागले.
पुन्हा सांगते, सरासरी मागून चालते.

खरा त्रास होतो तो बाजार एकाच पट्ट्यात रेंगाळतो तेव्हा.
रेघा सारख्या एकमेकींना छेदतात.
आज खरेदी, परवा विक्री.
दर वेळी दलाली आणि कर जातोच.
म्हणून पैसे घालण्याआधी जुन्या आलेखावर ही रीत लावून बघा, आणि हिशेबात दलाली जरूर धरा.