पाच वर्षांची रंगरंगोटी आणि रोजचा खराटा

(खामगाव येथे प्राध्यापक, संस्थाचालक व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



खामगावला गुणवत्ता म्हणजे काय हे नव्याने शिकवण्याची आवश्यकता नाही. हे गाव कापसावर वाढले. केवळ येथील कापसासाठी जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा टाकण्यात आला आणि १८७० साली त्याच्या उद्‌घाटनासाठी खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. त्या बाजारात बसणारा जाणता व्यापारी ढिगाच्या वरवर पसरलेल्या कापसाला भुलत नसे. हात आत घालून तो चिमूटभर कापूस काढी, दोन्ही हातांच्या चिमटीत ओढून धाग्याची लांबी पाही, ओलावा किती आहे याचा अंदाज बोटांनीच घेई आणि मग भाव सांगे. ढिगाच्या वर चांगला माल आणि पोटात पाणी मारलेला कापूस हा प्रकार त्या काळीही होता. म्हणूनच वऱ्हाडात १८९७ साली कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. वजनमापावर आणि दलालीवर नियंत्रण आणणारा हा कायदा देशातील अशा कायद्यांमध्ये आद्य मानला जातो. त्रयस्थाने माल पारखावा, माप सर्वांसाठी सारखे असावे आणि शेतकऱ्याला व ग्राहकाला दोघांनाही त्यावर विश्वास ठेवता यावा, एवढाच त्यामागचा हेतू होता.

महाविद्यालयांच्या मूल्यांकनाचा हेतू याहून निराळा नाही. शेतकऱ्याची मुलगी बारावीनंतर कोणत्या महाविद्यालयात जाणार, तिच्या आयुष्यातील तीन-चार वर्षे आणि बापाने उसनवारी करून उभा केलेला पैसा कोणाच्या हवाली होणार, हे तिला प्रवेशापूर्वी समजले पाहिजे. इमारत दिसते, फलक दिसतो. आत कसला कापूस आहे ते दिसत नाही.

परीक्षा संस्थेचीही

विद्यार्थ्याची परीक्षा आपण पिढ्यान्‌पिढ्या घेत आलो. नालंदेच्या प्रवेशद्वारावर बाहेरून येणाऱ्याला कठीण प्रश्न विचारले जात आणि दहांतले सात-आठ जण तेथूनच माघारी फिरत, अशी नोंद ह्यूएनत्संगने करून ठेवली आहे. त्या परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या समाजाला नालंदेच्या द्वारावर उभे राहण्याचा अधिकार त्या विद्यापीठाला कशामुळे मिळाला होता, हा प्रश्नही पडला पाहिजे. आतील आचार्यांची विद्वत्ता दूरदेशी मान्य झालेली होती, म्हणून द्वारावरची कठोरता लोकांनी मानली.

स्वतंत्र भारतात संस्थेची परीक्षा घेण्याची व्यवस्था उभी राहायला मात्र बराच अवधी लागला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात आणि १९९२ च्या कृतिकार्यक्रमात तिची कल्पना मांडली गेली आणि सप्टेंबर १९९४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने बंगळूर येथे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, म्हणजेच आपल्या बोलण्यातली ‘नॅक’, स्थापन केली. आरंभी तारे देण्याची पद्धत होती, पुढे अक्षरश्रेणी आली, २००७ पासून चार गुणांपैकी सरासरी काढली जाऊ लागली, २०१६ मध्ये ए प्लस प्लसपासून खाली उतरणारी श्रेणी रूढ झाली. २०१७ च्या बदलानंतर सुमारे सत्तर टक्के भार आकडेवारीवर आणि उरलेला प्रत्यक्ष भेट देणाऱ्या तज्ज्ञांच्या निरीक्षणावर, अशी विभागणी झाली. निकष सात: अभ्यासक्रम, अध्यापन व मूल्यमापन, संशोधन व विस्तारकार्य, भौतिक सुविधा, विद्यार्थी-साहाय्य, प्रशासन व नेतृत्व, आणि संस्थेची मूल्ये व उत्तम उपक्रम.

या सातांत एक आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. खामगाव-मलकापूर-चिखलीसारख्या गावांतील विद्यापीठ-संलग्न महाविद्यालयांसाठी एकूण हजार गुणांपैकी साडेतीनशे गुण केवळ अध्यापन, अध्ययन व मूल्यमापन या एका निकषाला ठेवण्यात आले. विद्यापीठांच्या बाबतीत संशोधनाला अधिक वजन आहे. संलग्न महाविद्यालयाला मात्र ‘तुम्ही शिकवता कसे?’ हेच प्रामुख्याने विचारले गेले. भव्य प्रवेशद्वार आणि ग्रॅनाइटचा प्राचार्य-कक्ष यांवर जे पैसे खर्च होतात, त्यांना गुणपत्रिकेत फारशी जागा नाही, ही गोष्ट अनेक संस्थाचालकांच्या ध्यानात फार उशिरा आली!

‘नॅक येणार आहे’

आता प्रत्यक्षात काय घडते ते पाहू. एखाद्या महाविद्यालयात ‘नॅक येणार आहे’ अशी वार्ता पसरली की लग्नघरासारखी धांदल उडते. भिंतींना रंग लागतो, कुंड्या येतात, ग्रंथालयातील धूळ झटकली जाते. इथवर हरकत नाही. पाहुणा येणार असेल तर अंगण सारवावेच. परंतु पुढची पायरी घातक आहे. चार-चार वर्षांपूर्वी न झालेल्या बैठकांची इतिवृत्ते लिहिली जातात. पालक-शिक्षक सभेच्या नोंदवहीत एकाच शाईने, एकाच बैठकीत तीन वर्षांच्या सह्या होतात. छायाचित्रांसाठी कार्यक्रम होतात. अहवाल लिहून देणारे सल्लागार शहरातून येतात आणि एका गावाचा मजकूर नाव बदलून दुसऱ्या गावाला चिकटवून जातात.

या कामाला बहुधा कोण बसवले जाते? महाविद्यालयातील तरुण प्राध्यापक आणि मदतीला चुणचुणीत विद्यार्थी. त्या विद्यार्थ्याला त्या आठवड्यात जे शिक्षण मिळते, ते कोणत्याही अभ्यासक्रमात नाही. आपल्या गुरुजनांनी मागील तारीख घालून सही कशी केली, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. उद्या तो तलाठी होईल, अभियंता होईल, पत्रकार होईल. त्याच्या हाती कोऱ्या कागदाची वही येईल तेव्हा त्याला हाच वर्ग आठवेल. श्रेणी वाढली की घटली याहून ही हानी मोठी आहे, आणि ती कोणत्याही निकषात मोजली जात नाही.

हे केवळ लहान गावांचे दुखणे नाही. काही संस्थांना मिळालेल्या श्रेणींबद्दल शंका व्यक्त करून परिषदेच्या कार्यकारी समितीचे अध्यक्ष, पुण्याचे प्रा. भूषण पटवर्धन यांनी मार्च २०२३ मध्ये पदत्याग केला. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर अनुकूल श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने तपासणी पथकातील सदस्यांनाच अटक केली. पारखणाऱ्याच्याच तराजूत खोट निघू लागली तर बाजार बसायला वेळ लागत नाही. देशात मूल्यांकन करून घेतलेल्या महाविद्यालयांची संख्या महाराष्ट्रात सर्वाधिक, याचा आपल्याला अभिमान वाटतो. तेव्हा या तराजूची चिंताही महाराष्ट्राने सर्वांत अधिक केली पाहिजे.

सुधारणा म्हणजे रोजचे काम

गुणवत्ता ही तपासणीच्या दिवशी निर्माण होत नाही, हे कारखानदारीने फार आधी ओळखले. अमेरिकन शास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी तयार मालातून खराब नग वेचण्याऐवजी उत्पादनाच्या प्रत्येक टप्प्यावर आकडे ठेवून दोष तेथेच पकडण्याची रीत बसवली. प्रा. महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून ते १९४७-४८ च्या सुमारास भारतातही येऊन गेले. त्यांच्याच विचारांचा धागा पुढे नेणारे एडवर्ड डेमिंग १९५० साली जपानला गेले. युद्धात बेचिराख झालेल्या त्या देशाने त्यांचे म्हणणे मनावर घेतले आणि १९५१ पासून त्यांच्या नावे पुरस्कार सुरू केला. योजना करा, कृती करा, पडताळा, सुधारा आणि पुन्हा आरंभ करा, एवढेच ते चक्र. शूहार्ट आमच्या दारी आधी येऊन गेले आणि धडा जपानने गिरवला, हे मनाला लावून घ्यावे असे आहे.

नॅकच्या व्यवस्थेत हे चक्र फिरवण्याचे काम अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाकडे आहे. प्राचार्य, प्राध्यापक, व्यवस्थापनाचा प्रतिनिधी, विद्यार्थी, माजी विद्यार्थी, गावातील जाणते नागरिक अशा सर्वांना त्यात स्थान आहे. या कक्षाने दरवर्षी वार्षिक अहवाल पाठवायचा असतो. पाच वर्षांचा ढीग एका महिन्यात उपसण्याची पाळी येऊ नये, हाच त्यामागचा हेतू होता. पुष्कळ ठिकाणी हा कक्ष म्हणजे कुलूप लावलेली एक खोली आणि एक संगणक, इतकाच उरला.

हा कक्ष जिवंत असेल तर काय करू शकतो? समजा, एखाद्या महाविद्यालयात विज्ञान शाखेच्या पहिल्या वर्षाच्या मुली प्रात्यक्षिकांत मागे पडत आहेत. सामान्यतः शेरा ठरलेला असतो: ‘ग्रामीण मुलींना गोडी नाही.’ कक्षाने हजेरीचा तक्ता वारानुसार, तासानुसार मांडला तर दिसेल की गैरहजेरी फक्त दुपारच्या शेवटच्या प्रात्यक्षिकाला आहे. मुलींना विचारले तर कळेल की गावाकडे जाणारी एस.टी. त्याच वेळी सुटते आणि पुढची गाडी अंधार पडल्यावर आहे. कोणता बाप मुलीला त्या गाडीने येऊ देईल? प्रात्यक्षिक सकाळी घेतले, दोन महिन्यांनी हजेरी पुन्हा मांडली, सत्रान्ती गुण तपासले, फरक पडला की वेळापत्रक कायम केले. नाही पडला तर दुसरे कारण शोधले. यासाठी अनुदान लागत नाही, सल्लागार लागत नाही. वेळापत्रक करणाऱ्या प्राध्यापकाने एस.टी.चे वेळापत्रक पाहावे लागते, इतकेच.

संघाच्या कामाशी परिचय असलेल्यांना हे सहज उमजावे. शाखा सुटण्यापूर्वी संख्या घेतली जाते. ती कमी असेल तर कमीच सांगावी लागते, आणि कोण आला नाही त्याच्या घरी त्याच संध्याकाळी जावे लागते. बैठकीत वृत्त देताना संख्या फुगवणारा मुख्यशिक्षक फार दिवस लपून राहत नाही (आणि लपला तर ती शाखा लपून राहत नाही, ती आटते!). महाविद्यालयाच्या आकडेवारीकडे याच दृष्टीने पाहायला हवे. आकडा वर पाठवण्यासाठी नसतो. कोणाच्या घरी जायचे ते कळण्यासाठी असतो.

शेजारचे दोन आदर्श

खामगावची महाविद्यालये ज्या विद्यापीठाच्या छत्राखाली येतात, ते १९८३ साली नागपूर विद्यापीठापासून वेगळे झाले आणि पुढे त्याला संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. वऱ्हाडच्या या संताची विद्यापीठाला दिलेली खूण कोणती, तर खराटा. दिवसा गावचे रस्ते झाडावेत आणि रात्री कीर्तनात माणसांची मने झाडावीत. तो खराटा कोणी पाहुणा येणार म्हणून हाती धरलेला नव्हता. ज्या गुणपत्रिकांवर बाबांचे नाव छापले जाते, त्या देणाऱ्या महाविद्यालयांनी पाच वर्षांतून एकदा झाडू मारावा, हे विसंगत दिसते.

दुसरे उदाहरण अगदी शेजारी, शेगावचे. श्री गजानन महाराज संस्थानाची स्वच्छता आणि शिस्त पाहून परप्रांतीय भाविकही थक्क होतात. हे काही उत्सवाच्या दिवसांपुरते नसते. आपापल्या पाळीने येणारे सेवाधारी वर्षाचे बाराही महिने तेथे विनावेतन राबतात. ऑगस्ट २०२१ मध्ये निवर्तलेले कर्मयोगी शिवशंकरभाऊ पाटील यांनी ही घडी बसवली. त्यातूनच १९८३ साली शेगावचे अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. संस्थान आणि महाविद्यालय यांच्या कामाचे स्वरूप वेगळे, हे मान्य. पण काम ठरलेले, माणूस ठरलेला आणि पाहणी रोजची, ही रीत दोन्हीकडे सारखीच लागू पडते.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. सारा दोष महाविद्यालयांवर ढकलून चालणार नाही. वर्षानुवर्षे पदे रिक्त आहेत. तासिका तत्त्वावर राबणारा तरुण दोन गावांत तास घेतो आणि मानधनाची वाट पाहतो. त्याच्याकडून ‘मार्गदर्शक-पालक’ म्हणून वीस मुलांची नोंद ठेवण्याची अपेक्षा करायची, आणि त्याच्या नेमणुकीची खात्री मात्र पुढच्या जूनपर्यंत द्यायची नाही, हा अन्याय आहे. शासनाने श्रेणीची सक्ती करताना शिक्षक देण्याची सक्ती स्वतःवर करून घेतली असती तर तिला नैतिक बळ आले असते.

जानेवारी २०२४ मध्ये परिषदेने श्रेणींऐवजी ‘अधिस्वीकृत’ किंवा ‘अनधिस्वीकृत’ अशी दोनच उत्तरे देणारी पद्धत आणि त्यापुढे पाच पातळ्यांची शिडी जाहीर केली. डॉ. के. राधाकृष्णन समितीच्या शिफारशींवर ती आधारलेली आहे. तिच्यात संस्थांनी एकमेकींशी स्पर्धा करण्यापेक्षा स्वतःच्याच कालच्या स्थितीच्या पुढे जावे, हा विचार आहे. विचार योग्य आहे. तराजू धरणारा हात स्वच्छ राहील का, हा प्रश्न पद्धत बदलल्याने सुटत नाही.

तोवर पालकांच्या हाती एक साधन आहेच आणि त्याचा वापर जवळजवळ कोणी करत नाही. महाविद्यालयाने आपला स्वयंमूल्यमापन अहवाल आणि वार्षिक अहवाल संकेतस्थळावर ठेवायचे असतात. प्रवेशासाठी जून-जुलैत रांगेत उभे राहण्यापूर्वी घरातील एखाद्या मुलाला बसवून ते उघडावेत. विद्यार्थ्यांच्या अभिप्रायावर महाविद्यालयाने कोणती कार्यवाही केली, याचा त्यात एक भाग असतो. आधी तो वाचावा; आणि लागोपाठच्या दोन वर्षांत तोच मजकूर, त्याच शब्दांत आढळला, तर प्राचार्यांना भेटून त्याचे कारण विचारावे.