दोन सूत्रे आणि काळा पडलेला प्लग

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी बी.ए., बी.एड. झालेला शिक्षक आहे, विज्ञानाचा पदवीधर नाही. विज्ञान शिक्षकाची जागा रिकामी राहिली तेव्हा दहावीचा विजेचा धडा माझ्याकडे आला आणि मुलांबरोबर मीही तो नव्याने शिकलो. तेव्हा हे शास्त्रज्ञाचे व्याख्यान नाही, एका शिकणाऱ्याचे दोन शब्द आहेत.

धड्यात दोन सूत्रे आहेत. व्होल्टला अँपिअरने भागले की रोध मिळतो, तो ओहममध्ये. व्होल्टला अँपिअरने गुणले की शक्ती मिळते, ती वॅटमध्ये. एक भागाकार आणि एक गुणाकार! पाचवीच्या मुलालाही येणारे हे गणित. तरी परीक्षा संपली की मुले ते विसरतात, कारण ते वहीतून घरात येत नाही.

म्हणून मी वर्गाला गृहपाठ दिला : घरातल्या एका उपकरणावरची पट्टी वाचून त्याचे गणित करून आणा. एका मुलीने पाणी तापवण्याच्या रॉडवर 1500 वॅट वाचले. आपल्याकडे घरगुती वीज 230 व्होल्टची. 1500 भागिले 230, म्हणजे सुमारे 6.5 अँपिअर विद्युतधारा. आणि 230 भागिले 6.5, म्हणजे सुमारे 35 ओहम रोध. गणित बरोबर होते. पण खाली तिने एक वाक्य लिहिले होते : "सर, आम्ही रॉड ज्या बोर्डाला लावतो त्यावर 6 अँपिअर लिहिले आहे."

मी तिला म्हटले, "हे आजच अब्बांना दाखव." दुसऱ्या दिवशी तिचे वडील स्वतः शाळेत आले. म्हणाले, "सर, फरक अर्ध्या अँपिअरचा. बोर्ड चार वर्षे चालतोय. मात्र प्लग काळा पडलाय हे खरे. एवढ्याशा फरकाने?"

प्रश्न रास्त होता, आणि उत्तर त्याच दोन सूत्रांत होते. क्षमतेपेक्षा जास्त धारा रोज वाहिली की पितळी पट्ट्या तापतात, सैल होतात, त्यांवर काजळी धरते. समजा, त्या सैल जागी अवघा अर्धा ओहम रोध तयार झाला. 6.5 अँपिअर गुणिले अर्धा ओहम, म्हणजे तिथे सव्वातीन व्होल्ट खर्ची पडले. सव्वातीन गुणिले 6.5, म्हणजे सुमारे 21 वॅट. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची लहान सोल्डरिंग आयर्न साधारण 25 वॅटची असते आणि ती शिसे-कथलाचा डाग वितळवते. तेवढीच उष्णता त्या प्लगच्या पोटात रोज कोंडली जात होती, आणि शेजारी पडदा होता. वडील काही वेळ बोलले नाहीत. त्याच आठवड्यात त्यांनी वायरमनकडून जाड वायर ओढून 16 अँपिअरचा सॉकेट बसवून घेतला.

विद्यार्थी मित्रांनो, सूत्र आंधळेपणाने मात्र वापरू नका. एका मुलाने जुना 100 वॅटचा बल्ब आणला. गणिताने त्याचा रोध 529 ओहम यायला हवा. मीटरने मोजला तर चाळीसच्या आसपास! "सर, सूत्र खोटे का?" सूत्र खोटे नव्हते. पेटलेल्या बल्बची तार दोन हजार अंशांहून अधिक तापते आणि तापल्यावर तिचा रोध कित्येक पटींनी वाढतो. आम्ही मोजला तो थंड बल्ब. पंखा, मिक्सर यांतही नुसत्या गुणाकाराने शक्ती नेमकी येत नाही. इस्त्री, रॉड, गीझर यांना मात्र हे गणित चांगले लागू पडते.

हा नियम ज्याच्या नावाने ओळखतात तो जॉर्ज सायमन ओहम जर्मनीतील एर्लांगेन गावच्या एका कुलूप बनवणाऱ्याचा मुलगा. बाप स्वतःच्या प्रयत्नाने शिकला आणि मुलांना गणित त्यानेच शिकवले. मुलगा 1817 साली कोलोनच्या शाळेत शिक्षक झाला. तिथे त्याने प्रयोग केले आणि 1827 साली आपला ग्रंथ छापला. प्रारंभी त्याची कदर झाली नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिले ते 1841 साली.

पालकहो, त्या कुलूपवाल्याजवळ पदवी नव्हती. मुलाजवळ बसण्याची सवड त्याने काढली. आपल्यालाही तेवढे करता येईल. घरी गेल्यावर मुलाला किंवा मुलीला उपकरणावरची पट्टी वाचायला सांगा. वॅटला 230 ने भागायला लावा आणि आलेला आकडा सॉकेटवरच्या आकड्याशी ताडून पाहा. तो रॉड चाळीस मिनिटे चालला की एक युनिट जळते, हेही त्यांनाच मांडू द्या. बिल कुठून येते ते कळेल. उघडी वायर वा प्लग मात्र मुलांनी खोलू नये. ते काम जाणकार वायरमनचे.

आपली कितीतरी मुले आय.टी.आय.ला जातात, वायरमन होतात, आखातात जातात. हात त्यांचे तयार असतातच. हाताबरोबर हिशेबही तयार असला तर तो मुलगा नुसता सांगकाम्या राहणार नाही.