पाळी गेल्यानंतरचे औषध

(महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



आम्ही विषय कळविला तेव्हा कार्यवाहांनी हळूच विचारले, "बाई, दुसरा काही विषय नाही का चालणार?" आम्ही म्हटले, चालेल, पण मग हा विषय कोणत्या सभेत काढायचा? आज श्रोत्यांत पुरुषमंडळीही आहेत हे बरेच झाले. डॉक्टरांची फी बहुधा त्यांच्याच खिशातून जाते.

आमच्या लहानपणी अम्मी ऐन थंडीत मध्यरात्री उठून ओटीवर जाऊन बसत. अंगातून वाफा निघतात, एवढेच सांगत. घरातली माणसे म्हणत, वयच आहे ते. वय होते हे खरे. पण त्या वाफांना कारणही होते. स्त्रीच्या बीजकोशांत इस्ट्रोजेन नावाचा अंतःस्राव, म्हणजे हार्मोन, तयार होतो. आपल्या देशात साधारणतः सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास तो आटतो आणि पाळी जाते. मग वाफा, निद्रानाश, लघवीची जळजळ. आणि कोणाला न दिसता हाडे विरळ होत जातात. हाच हार्मोन गोळीने, किंवा त्वचेवर लावायच्या जेलने अथवा पट्टीने बाहेरून देणे, हा तो उपचार. गर्भाशय जागेवर असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन जातीचे औषध द्यावेच लागते. एकट्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो, हे 1975 साली अमेरिकेत उघड झाले.

या औषधाने लोकांची मर्जी दोनदा पाहिली. 1960 नंतरच्या दशकात अमेरिकेत ते चिरतारुण्याचे रसायन म्हणून खपले. पुढे जुलै 2002 मध्ये तिथल्याच 16,608 स्त्रियांवरचा मोठा प्रयोग मुदतीआधी थांबवावा लागला, आणि एका रात्रीत ते विष ठरले. आकडे मात्र शांतपणे वाचण्याजोगे आहेत. औषध न घेणाऱ्या दहा हजार स्त्रियांत वर्षाला 30 जणींना स्तनाचा कर्करोग झाला, दोन्ही हार्मोन घेणाऱ्यांत 38 जणींना. पक्षाघात आणि रक्ताच्या गाठीही वाढल्या. मांडीचे हाड मोडण्याचे प्रमाण घटले. पण त्या स्त्रियांचे सरासरी वय 63 होते! साठीच्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षे होण्यापूर्वी, त्रास होत असताना औषध सुरू केले तर बहुतेक निरोगी स्त्रियांत लाभाचे पारडे जड राहते, असे आज तज्ज्ञ सांगतात. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गाठी किंवा यकृताचा मोठा विकार झालेल्यांनी, अथवा कारण न कळलेला रक्तस्राव होत असलेल्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये. शेजारणीची गोळी तर कोणीच घेऊ नये.

परंतु आज आम्हांला बोलायचे आहे ते पन्नाशीच्या बाईविषयी नव्हे. आमच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याची आई नंदुरबारकडची. पूर्वी हंगामात बारडोलीकडे ऊसतोडीला येई, आता लिंबायतला घरी बसून साड्यांचे धागे कापते. वय छत्तीस. पालकसभेत ती पदराने सारखा घाम पुसत होती. विचारल्यावर म्हणाली, "बाई, चार वर्षांपूर्वी पिशवी काढली. तेव्हापासून अंगाची आग होते. झोप नाही."

ती एकटी नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांविषयी 2019 साली महाराष्ट्र सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या 82,309 स्त्रियांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे साधारण सहांत एक. खाडा झाला की दंड, फडावर ना पाणी ना आडोसा, आणि वर कर्करोगाची भीती घालणारा डॉक्टर. मग बाई करणार काय?

पिशवीबरोबर बीजकोशही निघाले तर तिशीतच इस्ट्रोजेन एकाएकी बंद होतो आणि हाडांना व हृदयाला पंधरा-वीस वर्षे आधी म्हातारपण लागते. ज्या वयाच्या स्त्रियांवरून 2002 ची भीती पसरली त्या वयाची ही बाईच नव्हे. गर्भाशय नसल्याने हिला एकटे इस्ट्रोजेन पुरते, आणि दुसरी अडचण नसेल तर ते निदान नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत द्यावे, असाच वैद्यकाचा सल्ला आहे. हे औषध ज्यांना सर्वांत जास्त हवे, त्यांनाच त्याचे नाव ठाऊक नाही! म्हणून आमची विनंती एवढीच: घरात कोणाची पिशवी काढण्याचे ठरत असेल तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या, आपल्या सुरतेत न्यू सिव्हिल आणि महापालिकेचे स्मीमेर, दोन्हीकडे स्त्रीरोग विभाग आहेत. शस्त्रक्रिया झालीच तर "बीजकोश ठेवले की काढले?" हे विचारा आणि कागद जपून ठेवा.

त्या आईचा कागद पेटीत साडीच्या घडीत होता. दोन्ही बीजकोश काढल्याचे त्यावर इंग्रजीत लिहिले होते. चार वर्षांत तिला कोणी ते वाचून दाखवले नव्हते. आम्ही तिच्याबरोबर सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी रक्तदाब घेतला, छाती तपासली, घरात कोणाला कर्करोग होता का ते विचारले आणि गोळी सुरू केली. परवा ती शाळेच्या फाटकाशी भेटली. झोप लागते म्हणाली. कंबर अजून दुखते. पुढच्या तपासणीची तारीख तिने मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतली आहे.